निघोज्याच्या चौकातली दिवेवाली

चिंचवड,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

चि. निशिगंधा हिला ज्योतीराममामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या जपानी हॉस्टेलातला भात अजून चिकटच आहे का? इकडे सगळे ठीक. तुझी आई ठीक, माझे गुडघे ठीक, म्हणजे वयाला शोभतील इतपत. नववीच्या वर्गात यंदा संस्कृतला बेचाळीस मुलं आहेत. त्यातली चाळीस ‘पैकीच्या पैकी मिळतात’ म्हणून आलीत आणि दोन चुकून. माझा जीव त्या दोघांवर.

हातानं पत्र लिहून त्याचा फोटो काढून पाठवणारा मामा तुझ्या कंपनीत दुसऱ्या कोणाला नसेल. पण फोनवर तू ‘बोल ना मामा’ म्हणतेस आणि बोलायचं ते घशापर्यंत येऊन माघारी जातं. कागदावर निदान खोडता येतं.

तुझ्या गेममधल्या पाचव्या बेटावरची वाक्यं सोबत आहेत. एका ओळीत अक्षरांची सोळा घरं, अशा तीन ओळी, त्याच्या पुढं एक वेलांटीसुद्धा नाही, हा तुझा हुकूम पाळला आहे. अर्धी मात्रा वाचली की व्याकरणवाल्यांना मुलगा झाल्याचा आनंद होतो म्हणतात. तुझ्यापायी मला आतापर्यंत शंभरेक मुलगे झाले असतील. तरीही तू कंपनीतल्या पार्टवर मारतेस तसा माझ्या वाक्यांवर ‘एनजी’, म्हणजे नापासाचा शिक्का, मारून परत पाठवतेस. शाळेत तीस वर्षं मी लाल पेन वापरलं, त्याचं हे फळ.

सबंध गेम काल पुन्हा पहिल्यापासून खेळलो. तिसऱ्या बेटावरच्या पुलावरून चौदा वेळा पडलो. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत तू मला ती सव्वीस भागांची मालिका बघायला बसवलंस, तेव्हा मी म्हणालो होतो, ‘कार्टून बघायचं माझं वय गेलं.’ तू म्हणालीस, ‘कार्टून नाही मामा, ॲनिमे.’ शेवटच्या भागाला मला चष्मा पुसायला उठावं लागलं आणि तू मोबाइलमध्ये बघत असल्याचं सोंग केलंस. त्याचे आभार मानायचे राहिले होते. एक मुलगी कंदील घेऊन बेटाबेटांवर जाते, विझलेले दिवे लावते, आणि गाव जागं व्हायच्या आत निघून जाते; दिवा कोणी लावला ते कोणालाच कळत नाही. एवढीशी गोष्ट. तिचा तुम्ही दोघांनी, म्हणजे तू आणि तुझ्या त्या हिंजवडीच्या प्रीतमनं, आमच्या वेळच्या टीव्ही-गेमच्या पिवळ्या कॅसेटवर चालेल असा गेम केला. त्या कॅसेटींवर ‘९९९९ गेम’ छापलेलं असायचं आणि आत सात निघायचे. तुझ्या कॅसेटवर एकच असेल आणि तो खरा असेल, ही केवढी प्रगती. नाव मात्र मी सुचवलेलं ‘दीपधारिणी’च हवं होतं. ‘दिवेवाली’ म्हटलं की दिवाळीत पणत्या विकणारी बाई डोळ्यांसमोर येते. पण ते नावाच्या चित्राच्या चौकटीत बसतं आणि माझं बसत नाही, असं प्रीतम म्हणाला. असो.

तू विमानतळाच्या गाडीत बसता बसता जे सांगितलंस ते मला शब्दशः आठवतं. ‘मामा, दहा डिसेंबरला गेम फुकट सोडायचा, टोपणनावानं. माझं नाव कुठंही येऊ द्यायचं नाही. गोष्ट दुसऱ्यांची आहे, त्यांच्या वकिलाचं एक पत्र आलं की आपली तीन वर्षं गेली. आणि कंपनीत कळलं तर परत आल्यावर नोकरी पक्की होतेय कशाची!’ मी ‘हो’ म्हणालो होतो. मला आठवतं, एवढंच इथं नोंदवून ठेवतो.

तुझे घरमालक दादासाहेब भेटले होते. तुझी फार चौकशी करतात. खोली झाडून घेतली म्हणाले.

एक विचारायचं होतं. तुमच्या कंपनीची बस निघोज्याच्या चौकातूनच जाते ना? की हल्ली दुसऱ्या रस्त्यानं? सहज विचारतोय.

तुझा,
ज्योतीराममामा


चिंचवड,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

चि. निशिगंधास आशीर्वाद.

‘बसचं का विचारलंस?’ असा तुझा तीन शब्दांचा मेसेज आला. उत्तर: भूगोलाची आवड.

हे उत्तर तुला पटणार नाही हे मलाही कळतं. तेव्हा ऐक, पण आधी जागेवर बस. चौकात एक फ्लेक्स लागला आहे. छोटासाच. दहा बाय पंधरा फूट.

दादासाहेबांचा स्वभाव तुला ठाऊक आहे. त्यांच्या चाळीतल्या कोणाचा मुलगा बारावी झाला तरी ते चौकात फ्लेक्स लावतात, आणि येत्या निवडणुकीचं त्यांच्या डोक्यात आहे, त्यामुळे मुलगा नापास झाला तरी लावतील. तुझ्या गेमचं त्यांच्या कानावर गेलं. कसं गेलं ते सोड. मी निघोज्याला गेलो तेव्हा वर तुझं तोंड, शेजारी त्या कंदीलवालीचं चित्र, खाली ‘आपल्या निघोज्याची कन्या’ वगैरे, आणि त्याखाली दादासाहेबांसकट चौदा शुभेच्छुकांचे फोटो. तू बार्शीकडची, निघोज्यात भाड्यानं राहतेस, हे चौदांपैकी कोणालाही अडचणीचं वाटलेलं नाही.

मी म्हणालो, “दादासाहेब, हे काढावं लागेल.”

“काडायचा?” त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्यांची विहीर बुजवायला सांगितली. “मास्तर, लावलेला बॅनर मदीच काडला तर लोक काय म्हंत्याल? पोरीचं काय तरी बरंवाईट झालं म्हंत्याल. आपशकुन हाय त्यो.”

“पण तिला नोकरीत त्रास होईल.”

“आवो, तरास कशाचा? कंपनीवाल्यांनी हार घिऊन यायला पायजे. आन् ह्ये बगा, सरपंचाचा फोटु हाय त्यात, सोसायटीच्या चेरमनचा हाय. त्यांचा फोटु मी खाली घितला तर मला गावात ऱ्हाऊ देत्याल व्हय?”

“मग निदान तिच्या गळ्यातलं ते ओळखपत्र तरी झाका.”

“कशानं झाकू? हार घालू का? जित्या माणसाच्या फोटुला हार घालत्यात का मास्तर, संस्कृत शिकलाय न्हवं तुमी?”

मी शास्त्राधार शोधत घरी परतलो.

या आठवड्यात मी निघोज्याला तीनदा गेलो. तळवड्याच्या चौकात प्रत्येक वेळी पाऊण तास अडकलो आणि तिन्ही वेळा वाटलं, बरंय, पोचूच नये. तुमच्या कंपनीच्या बसगाड्या मी मोजल्या. सकाळी सव्वासहाला दोन, दुपारी पावणेतीनला तीन. रात्रीच्या विचारलेल्या नाहीत. दुपारची एक बस ट्रॅफिकमध्ये बरोबर फ्लेक्ससमोर थांबली. खिडकीतल्या मुलींनी वर बघितलं, एकमेकींना कोपरं मारली, आणि एकीनं मोबाइल काढला. मी पानाच्या टपरीच्या आडोशाला उभा होतो. का, ते विचारू नकोस. माझा फोटो त्या चौदात नाही.

आशेचा किरण असा की गुरुवारी कोणा गणराजशेठचा वाढदिवस आहे आणि त्याच सांगाड्यावर त्यांचा फ्लेक्स चढणार आहे. गणराजशेठना मी ओळखत नाही, पण त्यांच्या दीर्घायुष्यासाठी रोज सकाळी मी काहीतरी पुटपुटतो.

दादासाहेबांना तुझा गणवेशातला फोटो कुठून मिळाला, देव जाणे.

प्रीतमशी बोललो. सहाव्या बेटावर दिवा लावला की गेम बंद पडायचा तो दोष निघाला म्हणे. चांगली बातमी एवढी एकच आहे, ती शेवटी ठेवली.

काळजी करू नकोस, असं लिहायची पद्धत असते. मी लिहीत नाही.

तुझा मामा


चिंचवड,
शनिवार, २९ नोव्हेंबर २०२५

निशी,

आशीर्वाद आहेतच. आज ते वरच्या ओळीत मांडायला मला अवघड जातंय.

मागच्या पत्रात मी ‘देव जाणे’ लिहिलं. देव जाणतोच, पण मीही जाणत होतो. फोटो मी दिला. तुझी जपानसाठी निवड झाली त्या दिवशी कंपनीच्या गेटवर मीच काढलेला, गणवेश, ओळखपत्र, सगळं दिसणारा. गेमचं दादासाहेबांना मी सांगितलं, कंदीलवालीचं चित्रही मीच दिलं. आणि फ्लेक्सवरचा मजकूर माझा आहे. तुझ्या तोंडाखाली दोन ओळींचं संस्कृत आहे ते मागच्या पत्रात मी गाळलं, कारण तू ते वाचताक्षणी मला ओळखलं असतंस:

दीपं ज्वालयते बाला द्वीपे द्वीपे तमोवृते ।
यन्त्रक्रीडाकरी सेयं निशिगन्धा जयत्विह ॥

‘अंधारलेल्या बेटाबेटांवर ही मुलगी दिवा लावते, हा यंत्रखेळ करणाऱ्या निशिगंधेचा जय असो.’ वृत्त निर्दोष आहे. वर्तन नाही.

का केलं ते सांगतो. यानं माफी मिळावी असं माझं म्हणणं नाही. तू गेल्यापासून तुझी आई, आमची विजू, तुझ्याशी फोनवर ‘जेवलीस का’च्या पुढं बोललेली नाही. मला मात्र रोज ऐकवायची: “सव्वीस वर्षांची घोडी, सुट्टीच्या दिवशी चौकोन रंगवत बसती. तिच्यापायी आलेलं स्थळ गेलं.” मी तिला गेम दाखवला. तिनं दोन मिनिटं बघितला आणि विचारलं, “ह्याला कोण विचारतंय?” तुझे वडील भिमाजीराव गेल्यावर भोसरीत बारा वर्षं पॅकिंगच्या टेबलाशी उभं राहून तिनं तुला शिकवलं, ज्याला कोणी विचारत नाही अशा गोष्टीवर तिचा विश्वास का बसावा? तेव्हा मला वाटलं, हिला चार लोकांनी विचारलेलं दिसायला हवं. आपल्याकडं ते दिसायची जागा एकच.

फ्लेक्स लागला त्याच दिवशी मी तिला रिक्षानं घेऊन गेलो. काही सांगितलं नाही. ती उतरली, वर बघितलं, आणि पदर सावरून एकेक अक्षर लावत वाचायला लागली. संस्कृतापाशी अडली तिथं मी वाचून दाखवलं. कोपऱ्यावर सरूबाई म्हणून एक भाजीवाली बसते. विजू तिच्याकडं गेली, मेथीची जुडी हातात घेतली आणि म्हणाली, “ती वरची. माझी पोरगी आहे.” सरूबाई म्हणाली, “व्हय? लई गुणाची दिसती.” मेथी घ्यायची विसरून विजू परत आली. निशी, त्या वेळी मी विमानतळाच्या गाडीतलं माझं ‘हो’ पार विसरलो होतो असं लिहिलं तर तेही खोटं. आठवत होतं. पण मी तिच्याकडं बघत राहिलो.

गणराजशेठ एक दिवस उशिरा जन्मले. बुधवारीच तुमच्या ऑफिसातून फोन आला. फ्लेक्सवर दादासाहेबांचा नंबर असणारच. त्यांनी मोठ्या अभिमानानं माझा दिला. ‘बोलावून घ्या आमच्या मास्तरला, सगळं त्यांनीच लिवलंय.’ गुरुवारी अर्धी रजा टाकून गेलो. अजिंक्य म्हणून अधिकारी होते, तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे, नीट बोलणारे. त्यांनी पाणी दिलं आणि फ्लेक्सचा फोटो पुढं ठेवला.

“सर, आमचे जपानी साहेब ही मालिका बघत मोठे झालेत. गाडीतून त्यांना ते चित्र दिसलं. त्यांनी मला एकच विचारलं, ह्यांनी परवानगी घेतलीय का? वर आमचा गणवेश, आमचं ओळखपत्र. मॅडमनी बाहेरचं काम कळवलेलं नाही.”

“गेम तिचा नाही,” मी म्हणालो.

हे मी घरून ठरवून गेलो नव्हतो.

“मग कोणाचा?”

“माझा.”

त्यांनी माझ्या पिशवीकडं बघितलं. तीतून तपासायच्या वह्या डोकावत होत्या. “तुम्ही काय करता सर?”

“संस्कृत शिकवतो.”

“गेम लिहिलाय कशात?”

“मराठीत.”

अजिंक्यसाहेबांनी पेन खाली ठेवलं आणि तोंड खिडकीकडं फिरवलं. खांदे हलत होते. मग गंभीर होऊन म्हणाले, “काका, मी विश्वास ठेवला असं समजा. पण मला कागद लागतो. तुम्ही लिहून द्या की गेम तुमचा आणि फोटो तुम्ही तिला न विचारता दिला. मॅडमनी सोमवारपर्यंत मेल करायचा, ‘तो गेम माझा नाही, मी त्यावर काम केलेलं नाही.’ मग गणवेशाबद्दल एक ताकीद, विषय संपला. गेम तुमचा, तुम्ही काय करायचं ते करा, आम्हाला घेणं नाही.”

“आणि तिनं तसं लिहिलं नाही तर?”

“तर ट्रेनिंग थांबेल. चौकशी लागेल. आणि आम्हीच तिला सांगू की गेम बाहेर सोडू नका, मालिकेच्या मालकांना आधी विचारा. ते काय म्हणतील, तुम्हाला ठाऊकच आहे.”

त्यांनी छापील कागद पुढं ओढला. ‘गेमचा निर्माता’ या रकान्यात त्यांनी माझं नाव घातलं. आता जे लिहितोय ते मी एकदा खोडलं होतं, परत लिहितो: ते नाव तिथं बघून मला बरं वाटलं. क्षणभरच. तीस वर्षं मी दुसऱ्यांचं लिहिलेलं शिकवत आलो, माझ्या नावावर एक प्रश्नपत्रिकासुद्धा धड नाही. तुझ्यासाठी खोटं बोललो हे खरंच आहे, पण त्या क्षणी मी तुझ्यासाठी बसलेलो नव्हतो. हे तुला माहीत असायला हवं, नाहीतर तू मला मोठा माणूस समजून तो मेल पाठवशील.

सही मी केली नाही. ‘चष्मा घरी राहिला’ म्हणालो. चष्मा डोळ्यांवर होता. त्यांनी कागद घरी न्यायला दिला.

घरी येऊन विजूला सगळं सांगितलं. म्हटलं, आता लोकांपुढं तुलाही असंच म्हणावं लागेल की गेम माझा आहे; पोरीची नोकरीही राहील आणि दहा तारखेला गेमही बाहेर पडेल. मला वाटलं होतं ती सुटकेचा श्वास सोडेल. ती भाकरी थापत होती. हात थांबवून म्हणाली, “सातवीत माझी शाळा सोडवली, तुला आळंदीच्या पाठशाळेत घालायचं म्हणून. घरात एकाचंच होणार होतं. मी कधी काही बोलले का दादा?”

“नाही.”

“मग आता पोरीनं केलेलं ते पण तूच घेणार?”

त्या शाळेचा विषय आमच्यात चाळीस वर्षं निघालेला नव्हता. मला वाटायचं ती विसरली. खरं तर मला तसं वाटून घेणं सोयीचं होतं. मी भाकरी न खाता उठलो आणि ती ‘बस’ म्हणाली नाही.

काल दिवसभर आम्ही एकमेकांशी जरुरीपुरतं बोललो. आज सकाळी मी टेबलाशी दोन कागद घेऊन बसलो. पहिला तुमच्या ऑफिसचा छापील. त्यावर आता सही केली आहे. तो दिलास आणि मेल केलास तर तू सुखरूप आहेस, गेम दहा तारखेला सुटेल, आणि आयुष्यभर म्हणायचं की तो मामाचा. प्रीतमला मी विचारलं. तो म्हणाला, “मामा, माझं काय, मी टोपणनावच आहे. तिला ठरवू दे.”

दुसरा कागद म्हणजे हे पत्र. यात लिहितो की ‘दिवेवाली’ हा गेम निशिगंधा शेंडगे हिनं तीन वर्षं कंपनीच्या वेळेबाहेर, स्वतःच्या घरी, प्रीतमच्या चित्रांसह तयार केला. त्यातून एक रुपया मिळवायचा तिचा विचार नव्हता. मी फक्त मराठी वाक्यं लिहिली आणि त्यातली निम्मी तिनं परत केली. फ्लेक्स, फोटो आणि श्लोक ही माझी एकट्याची आगळीक असून तिनं मला स्पष्ट मनाई केली होती. हा दिलास तर नोकरी जाईल किंवा जाणार नाही, गेम सुटेल किंवा सुटणार नाही. मला खरंच माहीत नाही.

माझा सल्ला मागू नकोस. या प्रकरणात माझा प्रत्येक शब्द दहा बाय पंधरा फुटांचा झालेला आहे. सोमवार तुझा आहे. तू काहीही पाठवलंस तरी मी त्याच्या मागं उभा आहे; या वेळी टपरीच्या आडोशाला नाही.

एकच सांगायचं राहिलं. दोन्ही कागदांवर साक्षीदाराची ओळ आहे. मी दोन्ही विजूपुढं ठेवले. छापील कागद तिनं वाचला, हात पुसले आणि तो माझ्याकडं परत सरकवला. हे पत्र मात्र तिनं पहिल्यापासून वाचलं, भोसरीचं आणि शाळेचंही वाचलं, आणि पेन मागितलं.

ज्योतीराम सोपान बारबोले

साक्षीदार: विजयश्री भिमाजी शेंडगे
(निशिगंधाची आई)